जुना फोन रीसायकलिंगला देताना त्यातला डेटा खरोखर पुसला जातो का?

फोन बंद पडला की त्यातली माहितीही गेली, असं बरेच जण धरून चालतात. स्क्रीन काळी, चार्जर लावला तरी काही हालचाल नाही, मग आत उरलंय काय? खरं तर जवळजवळ सगळंच उरलेलं असतं. फोटो, मेसेज, पासवर्ड हे सगळं फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये असतं आणि ते टिकवायला या चिपला वीज लागत नाही. तिच्यातल्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. बॅटरी काढली तरी तो वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. फोन मरतो तो बहुधा स्क्रीन, बॅटरी नाहीतर चार्जिंगच्या खाचेपायी. चिप तेव्हाही ठणठणीत असू शकते. कुणी ती बॅटरी बदलली, की फोन पुन्हा बोलायला लागतो.

याच्या उलट टोकाला असतात धास्तावलेले लोक. 'डेटा चोरतील' या भीतीने ते एकही फोन घराबाहेर जाऊ देत नाहीत आणि खणात चार-पाच फोन साठत जातात. लिथियमच्या जुन्या बॅटऱ्या त्यात फुगत बसतात ते वेगळंच. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन रीसायकल झाल्याची नोंद आहे तो जेमतेम २२.३ टक्के. सोनं, चांदी, तांबं, कोबाल्ट असं बरंच काही फोनमधून परत मिळवता येतं, ते खणात अडकून पडतं.

माझ्या मते या दोघांनाही एकच प्रश्न विचारायला हवा: फोन कोणत्या वर्षीचा आहे? त्यावर बरंच ठरतं. ते का, हे कळायला आधी फोनच्या पोटात थोडं शिरावं लागेल.

'डिलीट' दाबल्यावर नेमकं काय होतं

गॅलरीतला एक फोटो घ्या. 'डिलीट' दाबलं की तो आधी कचरापेटीत जातो. आयफोनवर 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये तो साधारण ३० दिवस राहतो. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस. तिथूनही काढला, तरी गॅलरीने झटपट दाखवण्यासाठी बनवलेली त्याची छोटी प्रतिमा दुसऱ्याच फोल्डरात शिल्लक असू शकते. कुणाला मेसेजमधून पाठवला असेल तर त्या ॲपच्या फोल्डरात आणखी एक प्रत. आणि मूळ फाइल? तिची यादीतली नोंद गेली, एवढंच. ती जिथे लिहिली होती ती जागा आता 'वापरायला मोकळी' ठरली, पण म्हणून ती रिकामी झाली असं नाही.

फ्लॅश मेमरीत एक जास्तीचा गुंता आहे. या मेमरीत एका वेळी थोडंसंच लिहिता येतं, पण पुसायचं झालं तर भला मोठा तुकडा एकदमच पुसावा लागतो. अशी एक वही समजा जिच्यात ओळ-ओळ लिहिता येते, पण खोडरबर चालवला की अख्खं पान कोरं होतं. अशा वहीत एक ओळ बदलायची असेल तर शहाणा माणूस काय करेल? नवी ओळ दुसऱ्या पानावर लिहील आणि जुन्या ओळीवर बारीक काट मारून ठेवील. फोनही तेच करतो. त्यात प्रत्येक कप्पा ठराविक वेळाच पुसता येतो, पुढे तो झिजतो. म्हणून चिपचा कंट्रोलर लिखाण मुद्दाम सगळीकडे सारखं पसरवत राहतो आणि शिवाय थोडी जागा राखीव ठेवतो, जी तुम्हाला कधीच दिसत नाही. काट मारलेला मजकूर फोन सवडीने साफ करतो. कधी, ते आपल्या हातात नसतं.

म्हणजे तुम्हाला एक फाइल दिसते, पण आत तिच्या जुन्या प्रती विखुरलेल्या असू शकतात आणि त्या कुठे आहेत हे कुठल्याच ॲपला कळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ साली फ्लॅश मेमरीच्याच एसएसडी ड्राइव्हवर हे तपासलं. हार्ड डिस्कसाठी बनवलेली, एखादीच फाइल नेमकी पुसणारी एकही पद्धत तिथे पुरी पडली नाही. त्यामुळे 'फाइल श्रेडर' नावाने मिळणाऱ्या ॲपांवर माझा फारसा विश्वास नाही. फायली एकेक करून पुसत बसण्यात वेळ जातो आणि वर खोटं समाधान मिळतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. २०१४ साली अवास्ट या सुरक्षा कंपनीने वापरलेले २० अँड्रॉइड फोन ऑनलाइन विकत घेतले. विकणाऱ्यांनी आपापल्या परीने ते साफ केलेले होते. कंपनीला त्यांतून ४० हजारांहून जास्त फोटो परत मिळाले, आणि चार जुन्या मालकांची ओळखसुद्धा पटली. पुढच्या वर्षी केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी अँड्रॉइड २.३ ते ४.३ वर चालणारे २१ जुने फोन तपासले. यांवर तर फॅक्टरी रीसेटच, म्हणजे फोन कारखान्यातून आला तसा कोरा करण्याची सोय, वापरलेलं होतं, तरी माहिती निघाली. ८० टक्के फोनांमधून गूगल खात्यात शिरायला उपयोगी पडणारं टोकनसुद्धा हाती लागलं. ५० कोटींपर्यंत फोनांमध्ये डेटा नीट पुसला जात नसावा, असा त्यांचा अंदाज होता.

'रीसेट करूनही डेटा निघतो' ही जी बातमी अधूनमधून फिरते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. बातमी खरी होती, पण त्या पिढीच्या फोनांपुरती.

मग बदललं काय?

बदललं ते एन्क्रिप्शन. आताच्या फोनमध्ये चिपवर जे काही लिहिलं जातं ते आधी सांकेतिक रूपात फिरवलं जातं आणि ते उलगडणारी किल्ली, म्हणजे एक भला मोठा आकडा, फोनच्या खास सुरक्षित भागाच्या ताब्यात असते. तुम्ही टाकलेला पिन किंवा पासवर्ड त्या किल्लीशी जोडलेला असतो. ही किल्ली नसेल तर चिपमधला मजकूर म्हणजे निव्वळ गिचमिड. कुणी फोन उघडून चिप सोल्डरिंगसह उपटून काढली आणि थेट यंत्रावर वाचली, तरी हाती तेच लागणार.

फॅक्टरी रीसेट अशा फोनवर मुख्य काम एकच करतं: ती किल्ली नष्ट करतं. डेटा कुठल्या पानावर विखुरलाय, किती प्रती आहेत, राखीव जागेत काय उरलंय, हे सगळे प्रश्न एका फटक्यात बाद होतात, कारण सगळ्या प्रती त्याच गिचमिडीत आहेत. १२८ जीबीचा फोन काही मिनिटांत 'पुसला' जातो तो यामुळेच. सगळी जागा खरोखर पुन्हा लिहायची असती तर इतक्या झटपट काम आटपलं नसतं. अमेरिकेची एनआयएसटी ही संस्था साठवणुकीची साधनं कशी साफ करावीत याची जी मार्गदर्शिका काढते, तिच्यातही किल्ली नष्ट करण्याची ही पद्धत मान्य आहे.

आता वर्षांचा हिशोब. आयफोनमध्ये हार्डवेअर एन्क्रिप्शन २००९ च्या थ्रीजीएसपासून आहे आणि २०१४ च्या आयओएस ८ पासून बहुतेक सगळा डेटा पासकोडशी बांधला गेला. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून नव्या फोनांना एन्क्रिप्शन सक्तीचं झालं, पण धिम्या प्रोसेसरच्या स्वस्त फोनांना सूट होती. ती सूट २०१९ मध्ये अँड्रॉइड १० सोबत संपली. तेव्हा बाजारात येतानाच अँड्रॉइड १० किंवा पुढची आवृत्ती असलेला फोन असेल, किंवा गेल्या दहा वर्षांतला कुठलाही आयफोन असेल, तर नीट केलेलं रीसेट पुरे आहे. त्यावर आणखी सात वेळा पुसणं, फोन चुंबकाजवळ ठेवणं वगैरे उद्योगांची गरज नाही. चुंबकाचा तर फ्लॅश मेमरीवर काही परिणामच होत नाही, ती हार्ड डिस्कची गोष्ट. मधल्या काळातला अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी'च्या आत 'एन्क्रिप्शन' शोधा. 'एन्क्रिप्टेड' लिहिलेलं दिसलं की काळजी मिटली.

नीट केलेलं रीसेट म्हणजे काय

इथे लोक दोन ठिकाणी अडखळतात.

पहिलं ठिकाण मेन्यूचं. 'रीसेट' नावाखाली अनेक पर्याय दिसतात आणि त्यातले बहुतेक डेटाला हातही लावत नाहीत. आयफोनवरचं 'रीसेट ऑल सेटिंग्ज' फक्त सेटिंग्ज मूळपदावर आणतं. फोटो, मेसेज जिथल्या तिथे. हवं असतं ते 'जनरल'मध्ये अगदी खाली, 'ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन'च्या आत असलेलं 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. अँड्रॉइडवर 'रीसेट ॲप प्रेफरन्सेस' किंवा नेटवर्क रीसेट नव्हे, तर 'इरेज ऑल डेटा' किंवा 'फॅक्टरी डेटा रीसेट'. कंपनीगणिक ते 'सिस्टिम'मध्ये किंवा 'जनरल मॅनेजमेंट'मध्ये सापडतं. योग्य पर्याय असेल तर फोन पिन मागतो आणि सगळं जाईल असं स्पष्ट बजावतो.

दुसरं ठिकाण खात्याचं. फोन चोराच्या कामाचा राहू नये म्हणून ॲपलने २०१३ पासून ॲक्टिव्हेशन लॉक आणि अँड्रॉइडने २०१५ पासून फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन आणलं. फोन पुसला तरी तो जुन्या मालकाचं खातं मागतो. चोरीच्या बाबतीत उत्तम, पण रीसायकलिंगला आलेला चांगला चालता फोन अशा कुलपात अडकला की तो कुणी दुरुस्त करून वापरू शकत नाही. सुटे भाग काढायचे नाहीतर चुरा करायचा, एवढंच उरतं. म्हणून पुसण्याआधी आयफोनवर 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची ॲपलची सेवा) बंद करून आयक्लाउडमधून साइन आउट करायचं आणि अँड्रॉइडवर गूगल खातं (सॅमसंग असेल तर सॅमसंगचंही) काढून टाकायचं. घड्याळ जोडलेलं असेल तर तेही आधी सोडवा.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका: क्लाउडशी सिंक चालू असताना 'आधी हाताने सगळं डिलीट करू, मग रीसेट' हा अतिउत्साह. तुम्ही जुन्या फोनवरून कॉन्टॅक्ट आणि फोटो उडवता, फोन ती आज्ञा इमानेइतबारे क्लाउडला कळवतो आणि नव्या फोनवरूनही ते गायब होतात. ॲपल स्वतःच असं करू नका म्हणून सांगतं. रीसेट फोन पुसतं, क्लाउडला हात लावत नाही. हाताने केलेलं डिलीट दोन्हीकडे लागू होतं.

बॅकअपबद्दल फार सांगत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. फक्त दोन गोष्टी हमखास सुटतात. एक, ओटीपीचे कोड दाखवणारी ऑथेंटिकेटर ॲप्स: ती नव्या फोनवर हलवून, तिथल्या कोडने एकदा लॉगिन करून बघितल्याशिवाय जुना फोन पुसू नये. दुसरी, फक्त फोनमध्येच असणाऱ्या फायली: आवाजाची रेकॉर्डिंग्ज, डाउनलोड फोल्डर, एखाद्या छोट्या नोट्स ॲपमधला मजकूर.

पुसून झाल्यावर फोन एकदा सुरू करून बघा. भाषा निवडायची स्वागताची स्क्रीन यायला हवी. वाय-फायला जोडून दोन पावलं पुढे जा. 'आधीच्या मालकाचं खातं टाका' असं तो म्हणत नसेल तर काम फत्ते. आपलं खातं न टाकताच बंद करा.

स्क्रीन फुटलेली असेल तर

खरी डोकेदुखी इथे आहे, कारण रीसायकलिंगला जाणारे कितीतरी फोन धड चालत नसतात.

फोन चालू आहे पण स्क्रीन गेली, अशा आयफोनला कॉम्प्युटरला जोडून, बटणं धरून रिकव्हरी मोडमध्ये नेता येतं आणि 'रीस्टोअर' केलं की तो पूर्ण पुसला जातो. स्क्रीन दिसायची गरज नाही, पासकोडचीही नाही. अँड्रॉइडवर चित्र दिसतंय पण स्पर्श चालत नाही, असं असेल तर चार्जिंगच्या खाचेत यूएसबी उपकरण लावू देणाऱ्या छोट्या ओटीजी जोडणीने साधा माउस लावून बघा, बऱ्याच फोनांवर बाण उमटतो आणि रीसेटपर्यंत जाता येतं. फोन अजून नेटला जोडला जात असेल तर दुसऱ्या उपकरणावरून 'फाइंड माय' किंवा गूगलच्या फोन शोधण्याच्या सेवेतून दूरस्थ पुसण्याची आज्ञा देता येते. मात्र ती आज्ञा फोन नेटवर आल्यावरच अमलात येते. जो फोन कधीच चालू होणार नाही, त्याच्यासाठी ती नुसती प्रलंबित राहते.

आणि फोन मुळीच चालू होत नसेल तर? नव्या पिढीतला असेल आणि त्यावर धड पिन होता, तर एन्क्रिप्शन तुमच्या बाजूने आहे. पिनच नव्हता, किंवा १२३४ छापाचा होता, तर नाही: बॅटरी बदलणारा कुणीही थेट तुमच्या गॅलरीत उतरेल. अशा फोनसाठी एकतर तात्पुरता दुरुस्त करून पुसायचा, नाहीतर चिपचा चुरा करणाऱ्याकडेच द्यायचा. काहीही असो, त्या फोनवर उघडी असलेली खाती दुसऱ्या उपकरणावरून बंद करा. गूगल, ॲपल आणि बहुतेक मोठ्या सेवांमध्ये 'तुमची उपकरणं' अशी यादी असते, तिथून जुना फोन साइन आउट होतो. ईमेलचा पासवर्ड बदलला तर आणखी बरं, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड 'विसरलो' म्हणून परत मिळवायची वाट ईमेलमधूनच जाते.

एन्क्रिप्शन नसलेल्या जुन्या अँड्रॉइडसाठी एक साधी युक्ती आहे. सेटिंग्जमध्ये 'एन्क्रिप्ट फोन' पर्याय असेल तर फोन चार्जरला लावून आधी एन्क्रिप्ट करा, त्याला तास-दोन तास लागू शकतात, आणि मग रीसेट करा. पर्यायच नसेल तर रीसेट करून, खातं न टाकता, कॅमेरा भिंतीकडे करून मेमरी भरेस्तोवर व्हिडिओ चालू ठेवा आणि पुन्हा रीसेट करा. चिपची राखीव जागा यातून सुटते, म्हणून ही पद्धत शंभर टक्के नाही, पण फुकटच्या सॉफ्टवेअरने डोकावणाऱ्याला एवढं पुरतं. बटणांच्या साध्या फोनांनाही हेच लागू, तिथे एन्क्रिप्शनची अपेक्षाच धरू नका.

कार्ड, सिम आणि नंबर

मेमरी कार्ड काढायला विसरू नका. फोन पुसला तरी कार्ड बहुधा तसंच राहतं, आणि नुसतं फॉरमॅट केलेल्या कार्डावरचे फोटो परत आणणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कार्ड स्वतःकडे ठेवा किंवा कात्रीने आडवं कापा. सिमकार्डात जुने कॉन्टॅक्ट आणि काही मेसेज असू शकतात, तेही काढा. ई-सिम असेल तर रीसेटच्या वेळी ते ठेवायचं की पुसायचं, असं फोन विचारतो, तिथे नव्या फोनवर सेवा सुरू झाल्याची खात्री करून 'पुसा' निवडा.

फोनबरोबर नंबरही सोडणार असाल तर तो फोनपेक्षा मोठा धोका आहे. सोडलेला नंबर कंपन्या काही काळाने दुसऱ्याला देतात आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात नव्या ग्राहकांना मिळू शकणारे २५९ नंबर तपासले गेले. त्यातल्या १७१ नंबरांना जुन्या मालकांची ऑनलाइन खाती अजून जोडलेली होती. तेव्हा नंबर सोडण्याआधी बँक, ईमेल आणि मेसेजिंगच्या प्रत्येक खात्यात नवा नंबर टाका. कंटाळवाणं काम आहे, पण टाळण्यासारखं नाही.

हातोडा नको

'सरळ हातोड्याने ठेचून टाकू' हा विचार अनेकांच्या मनात येतो. नको. लिथियम बॅटरीला भोक पडलं किंवा ती चेपली की आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेते, आणि ती आग सहज विझत नाही. बॅटरी न काढता फोन ठोकणं, ड्रिल करणं, जाळणं हे सगळं जिवावरचं आहे. शिवाय स्क्रीनचा भुगा झाला तरी नखाएवढी मेमरी चिप आत सुखरूप राहू शकते, म्हणजे धोका पत्करूनही काम अर्धवटच.

चुरा करणाऱ्या केंद्रांत आधी बॅटरी वेगळी काढतात आणि मग यंत्राने बाकीच्या फोनचे बारीक तुकडे करतात. कुणाकडे द्यायचं हे ठरवताना आर-टू किंवा ई-स्टुअर्ड्स ही आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं आहेत का ते पाहा. दोन्हींत डेटा नष्ट करण्याबद्दल अटी आहेत. फोन पुसून पुन्हा विकणार की चुरा करणार, हे सरळ विचारा. प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा. आणि कुणी 'तपासणीसाठी' पिन मागितला, चिठ्ठीवर लिहून फोनला चिकटवायला सांगितला, तर देऊ नका. पुसलेल्या फोनला पिन नसतोच.

उघड्या पेटीत फोन टाकायचा असेल तर तो पुसलेलाच टाका, कारण पेटी आणि कारखाना यांच्यामध्ये तो किती हातांतून जातो हे तुम्हाला दिसत नाही. हातोहात देत असाल तर आधी *#०६# डायल करून आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक) लिहून घ्या, पावतीवर तोच आहे ना ते बघा, आणि डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मिळणार असेल तर त्यावरही तोच क्रमांक असावा असं सांगून ठेवा.